घरची म्हणून लावलेली गड्डी

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे पुढे पळवाट राहणार नाही. ही गोष्ट मी आजवर कुठेच बोललो नाही — बायकोजवळ नाही, ज्याच्यासोबत वीस वर्षं एकाच बाकावर बसून फॅक्टरीच्या बसने जातो त्या मित्राजवळही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण आज मी आनंदात आहे. हो, आनंदात. आयुष्यात इतका सपाटून कधी हरलो नव्हतो, आणि इतका खूशही कधी झालो नव्हतो.

ऐकाल तर हसाल. मोबाईलवरच्या पत्त्यांच्या खेळातली गोष्ट आहे. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरात राहणारा, डोक्यावर टक्कल, नाकावर चष्मा — आणि कबुली कसली देतो, तर मोबाईलच्या खेळाची! हसा. मीही बरेच दिवस असंच म्हणून स्वतःला समजावत होतो. खेळच तर आहे. त्यात एवढं काय?

तो खेळ आमच्या घरात आणला माझ्या भाचीने. प्राची नागपूरला नर्सिंग शिकते. एका दिवाळीत तिने तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या मोबाईलवर तो टाकून दिला आणि माझ्याही. छाया माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ती लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीला दिली आहे, मी इकडे. मधे सत्तर-ऐंशी किलोमीटर. भेट सणाला किंवा लग्नाला. प्राची म्हणाली, खेळाच्या निमित्ताने तरी बोलत जा दोघं.

खेळ असा — प्रत्येकाने आपले तीस पत्ते निवडून ठेवायचे. पत्त्यांवर प्राणी, आग, पाणी, वारा असलं काही. फेरीगणिक थोडी शक्ती मिळते, ती खर्चून पत्ते टाकायचे आणि समोरच्याचा जीव संपवायचा. या तीस पत्त्यांना खेळात डेक म्हणतात. आम्ही गड्डी म्हणतो. खेळायचे दोन दरवाजे. एक रँकचा — तिथे जिंकलात की तुमचा नंबर वर चढतो. दुसरा साधा. साध्यात जिंकलं काय, हरलं काय, कुठेही काही लिहिलं जात नाही.

रँकमध्ये कोणतीही गड्डी लावा, कोणी काही म्हणत नाही. तिथे लोक नेटवरून जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंच्या याद्या बघतात आणि पत्ता न् पत्ता उतरवून घेतात. त्याला प्राची ‘बाजारची गड्डी’ म्हणते. आपण स्वतः डोकं लावून, चुकत-माकत बसवली ती ‘घरची’. आणि साध्यात घरची लावायची, असा रिवाज आहे. खेळाने केलेला नियम नव्हे. खेळणाऱ्यांनी आपसात पाळलेली रीत. आमच्यात प्राचीने ती पक्की केली. डाव सुरू करण्याआधी दोघांनी मेसेज टाकायचा — ‘घरची’ किंवा ‘बाजारची’.

“मामा, बाजारची लावाची असेल तं आधी सांगाचं,” ती म्हणाली होती. “नाई सांगतलं तं ते चीटिंग नाई. पण चांगलंबी नाई.”

सांगायचं कशाला, तर समोरची घरची असली की तिला उघडू द्यायचं. नव्याने बसवलेली गड्डी काय करू बघते ते दिसेपर्यंत तिचा गळा दाबायचा नाही. कोणी काही सांगत असलं की आपण मधेच तोडत नाही ना? तसं. आणि बाजारची असली तर मात्र दयामाया नाही — पहिल्या फेरीपासून अडवायचं. म्हणजे तो एक शब्द वाचून समोरचा माणूस कसं खेळायचं ते ठरवतो. हे नीट लक्षात ठेवा. माझा सगळा गुन्हा त्या एका शब्दात आहे.

छायाची गड्डी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. बेडूक, बगळे, कासवं — सगळे हलके, फुकटातले पत्ते. फक्त एक सोनेरी कासव होतं, नशिबाने मिळालेलं. तिने गड्डीला नाव दिलं ‘बोडी’. शेतातल्या छोट्या तलावाला आमच्याकडे बोडी म्हणतात. आठ फेऱ्या ती काहीच करायची नाही. एक बेडूक ठेव, एक बगळा ठेव, थोडी शक्ती साठव. मी आपला तिच्यावर वार करत सुटायचो, वाटायचं झालंच आता. आणि नवव्या फेरीला तिच्याकडून मेसेज यायचा — ‘तुडूम उघडलं बरं’. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतलं पाणी सोडायचं दार. साठवलेलं सगळं एका दमात माझ्या अंगावर यायचं, आणि मी साफ!

असं किती रविवार झालं असेल? सात? आठ? दर रविवारी दुपारी, तिची भांडी झाली की. आणि डाव संपला की तिचा फोन.

“काय रे दादा, तुह्या सरकारी नोकरीत एवढंच शिकवते काय? जा, चाय पिऊन घे अन् पुन्हा ये!”

मी हसायचो. वरून हसायचो. आतून — आता लिहायला बसलोच आहे तर लिहितो — आतून मला ते लागायचं. का? तर आमच्या घरात एक वाक्य होतं. शहापूरच्या आमच्या घरात बाबा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे : पोरगा डोक्याचा हाये, पोरगी कामाची हाये. डोक्याचा पोरगा भंडाऱ्याला कॉलेजात गेला. कामाची पोरगी अकरावी झाली आणि दिघोरीच्या बांध्यांमध्ये धान रोवायला गेली. दहावीला तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. माझ्या वहीतली अर्धी गणितं तिने सोडवलेली होती. हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. बोललं कोणीच नाही. त्या एका वाक्याच्या जोरावर मी शिकलो, नोकरीला लागलो, आणि तिने मला आयुष्यभर ‘आमचा दादा हुशार’ म्हणून मिरवलं. आणि आता ही बाई बेडूक-बगळे घेऊन मला दर रविवारी लोळवते?

एका रविवारी सकाळी मी नेटवर गेलो आणि बाजारची गड्डी उतरवून घेतली. त्या महिन्यात रँकमध्ये सगळ्यात वर असलेली. सगळी आग. सहाव्या फेरीत समोरच्याची राख होते, असं तिथे लिहिलंच होतं. नवे पत्ते बनवायला खेळात जी सामग्री लागते, ती महिनोन्‌महिने साठवलेली सगळी त्या तीस पत्त्यांत गेली. दुपारी छायाचा मेसेज आला — ‘घरची. तुही?’

माझा अंगठा थांबला का? थांबला. नाही थांबला असं लिहिलं तर तो आणखी एक खोटेपणा होईल. मी त्या चौकोनाकडे बघत राहिलो. ‘बाजारची’ लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? ती हसली असती, जपून खेळली असती. मी लिहिलं — ‘घरची’.

सहाव्या फेरीत ती संपली.

आणि मला काय वाटलं सांगू? मी खुर्चीतून उठलो आणि खोलीत दोन गिरक्या घेतल्या. बायको स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, जिंकलो! माझ्या विजयाचा तो क्षण मी आज लाजेने आठवतो, पण तेव्हा तो गोड लागला होता, हे लपवत नाही.

त्यानंतर सलग अकरा डाव. दर वेळी मी दोन-तीन पत्ते बदलायचो — गड्डी ओळखू येऊ नये म्हणून. चोराची सगळी लक्षणं माझ्यात आपोआप आली. दर वेळी तिचा मेसेज ‘घरची’, दर वेळी माझा ‘घरची’. आणि दर वेळी ती माझ्या गड्डीला उघडू द्यायची. रीत पाळायची. मी त्याच रीतीचा दोर करून तिला आवळत होतो.

पण थांबा. इथवर सांगून सुटलो असतो तर किती बरं झालं असतं! खोटं बोललो, जिंकलो — इथवर सांगायला मला फारसं जड गेलं नाही. जड आहे ते पुढे.

अकराव्या डावानंतर तिचा फोन आला. आवाजात चिडवणं नव्हतं.

“तुले सुचलं कसं रे हे, दादा? मले तं दिसलंच नाई.”

तेव्हा तरी सांगायचं. दार उघडं होतं. मी काय केलं? मी तिला समजावलं. पंधरा-वीस मिनिटं. जी गड्डी मी उतरवून घेतली होती, तिचा विचार मला कसा कसा सुचला, हे मी माझ्या बहिणीला फोनवर शिकवलं! आणि शेवटी म्हणालो — शब्द जसेच्या तसे आठवतात — “तू हळू विचार करतेस, छाया. खेळात आता तसं चालत नाही. तुझी पद्धत जुनी झाली.”

ती म्हणाली, “होय ना. तू पहिल्यापासूनच डोक्याचा.”

बाबांचं वाक्य. तीस वर्षांनी, तिच्याच तोंडून, माझ्या खोट्यावर शिक्का मारल्यासारखं. आणि मी — ते ऐकून मला बरं वाटलं. हाच तो दोष, जो मी कोणाला दाखवला नाही. खोटं बोललो याहून, ते खोटं तिला खरं वाटलं याचा मला आनंद झाला.

दुसऱ्या रविवारी तिने बोडी मोडली. या खेळात पत्ते मोडता येतात; मोडले की थोडीफार सामग्री परत मिळते. तिने बेडूक मोडले, बगळे मोडले, सोनेरी कासवही मोडलं. मेसेज आला — ‘तुह्यासारखी आगीची बनवाची होती, जमलं नाई. आता खेळत नाई मी. कामं हाये.’

तरीही मी गप्प बसलो. कुठवर? सप्टेंबरच्या एका सोमवारी प्राचीचा फोन येईपर्यंत.

छाया बारावीला बसणार होती. हे मला ठाऊकच नव्हतं. माय-लेकींनी गुपचूप ठरवलं होतं — सतरा नंबरचा फॉर्म, बाहेरून बारावी. छायाने पेटीतून दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला काढूनही ठेवला होता. मला बातमी द्यायची होती ती निकाल लागल्यावर. आणि आता तिने ते दोन्ही कागद पुन्हा पेटीत टाकले होते. फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत.

“आई म्हणते, डोकं मामाले हाये, मले नाई,” प्राची रडकुंडीला आली होती. “म्हणते, घरच्या खेळात अकरा डाव हरली मी, परीक्षेत काय दिवे लावू? तुम्ही सांगा न मामा तिले. तुमचं ऐकते ते.”

माझं ऐकते ती! तेच तर झालं होतं.

मंगळवार गेला. मी मेसेज लिहिले आणि पुसले. एकात मी सांगत होतो की गंमत केली होती. एकात सांगत होतो की तुला शिकवायला म्हणून केलं. प्रत्येक मेसेजमध्ये मी थोडा थोडा चांगला माणूस होत होतो. बुधवारी सुट्टी टाकली आणि मोटरसायकल काढली. मोबाईलवरून लिहीन तर पुन्हा खोटंच लिहीन, हे मला कळून चुकलं होतं.

साकोलीवरून वळून दिघोरीला पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. धान पोटरीला आलं होतं, बांध्या भरलेल्या होत्या. छाया ओसरीत सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत बसली होती. मला पाहून उठायला लागली — “जयभीम दादा! असा अचानक? वहिनी बरी हाये न?” मी म्हटलं, बस. पाणीही नको. आणि उभ्या उभ्याच सांगितलं. ती आगीची गड्डी माझी नव्हती. नेटवरची होती. पहिल्या दिवसापासून. अकराही वेळा.

तिचा हात सुपात थांबला.

“बाजारची?”

“बाजारची.”

“अन् तू घरची लिवत होता?”

“हो.”

तिने सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघितलंच नाही. मला वाटलं रडेल, नाहीतर चल निघ म्हणेल. दोन्ही मला चाललं असतं. तिने दोन्ही केलं नाही. आत गेली, मोबाईल घेऊन आली आणि भिंतीला टेकून बसली.

“लाव तेच.”

“काय?”

“तेच गड्डी लाव, दादा. एक पत्ता बदलू नोको. अन् लिव — बाजारची.”

तिच्याकडे आता बोडी नव्हती. चुलीवर भात ठेवलेला होता. तो शिजेपर्यंत तिने उरल्यासुरल्या पत्त्यांतून गड्डी बसवली. सोनेरी कासव नाही, चांगले बगळे नाहीत. नुसते बेडूक आणि काहीबाही. मी लिहिलं — ‘बाजारची’. तो शब्द लिहिताना बोट कसं हलकं झालं म्हणून सांगू!

पहिला डाव ती हरली. थोडक्यात. चेहऱ्यावर काहीच नाही. दोन पत्ते बदलले.

दुसऱ्या डावात ती चौथ्या फेरीलाच अंगावर आली. आठ फेऱ्या थांबणारी ही बाई — तिने माझी पहिली आग पेटायच्या आत विझवली, दुसरी अडवून ठेवली, आणि पाचव्या फेरीत जे काही चार थेंब साठवले होते ते सगळे एकदम सोडले. सहाव्या फेरीला जगातली सगळ्यात भारी गड्डी हातात घेऊन मी ओसरीत बसलो होतो, आणि टाकायला काही नव्हतं. मी हरलो.

“तुडूम उघडलं बरं!” ती ओरडली. अशी ओरडली की अंगणातून माझे भाऊजी धावत आले.

“काय झालं? साप निंगाला काय?”

“दादाले हरवलं! बाजारच्या गड्डीले हरवलं!”

“अन् भात लागून राहिला न तिकडे! वास नाई येऊन राहिला?”

भात जळाला. तिसरा डाव तिने जिंकला. चौथाही. पाचव्यात तिने मला चौथ्याच फेरीत असं बांधलं की मी मोबाईल खाली ठेवून हसायला लागलो. बहीण कमरेवर हात देऊन उभी होती, पदर खोचलेला, डोळे असे चमकत होते जसे मी शाळेत असताना पाहिले होते — माझ्या वहीतलं गणित सोडवून ती वही माझ्याकडे सरकवायची, तेव्हाचे.

“तुही आग सहाव्या फेरीले पेटते. मंग पाचव्यातच तिले भिजवाचं. एवढंच त हाये त्याच्यात!” आणि मग हळू आवाजात, “मी आडवाचा विचारच केला नोता, दादा. तू घरची म्हणला. म्हणलं, मेहनतीनं बनवली असन, उघडू दे.”

करपलेला भात आणि डाळ आम्ही तिघांनी खाल्ली. जेवून उठल्यावर तिने पेटी उघडली, दोन्ही कागद काढले, आणि प्राचीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. “फॉर्म भर व माय. अन् मामाले हरवलं मी, पाच डावात चार!” नागपुरात ती पोट्टी एवढ्या जोराने किंचाळली की ओट्यावरच्या कोंबड्या पांगल्या.

रात्री तिथेच राहिलो आणि गुरुवारी सकाळी छायाला मागे बसवून लाखांदूरला नेलं. कॉलेजातल्या बाबूने कागद तपासले, दहावीची गुणपत्रिका वर धरून म्हणाला, “एवढे मार्क असून मधेच कायले सोडली होती, बाई?” तिने माझ्याकडे पाहिलं नाही. “आता सोडत नाई,” म्हणाली, आणि सही केली. सही करताना तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, प्रत्येक अक्षर सुटं सुटं. मी मागे उभा होतो. तिच्या सहीची शेवटची रेघ ओढली गेली तेव्हा मला वाटलं, टाळी वाजवावी. वाजवली नाही. आज वाजवतो, इथे.

या सगळ्यात एक गोष्ट राहिली होती. मी सांगितलं होतं, हरलो होतो, गाडीवरून नेऊन आणलं होतं. पण माफी मागितली नव्हती. सांगून टाकलं की मागितलीच, असं मी मनाशी धरून चाललो होतो. गावाजवळ तलावाच्या पाळीवर मी गाडी थांबवली. ती म्हणाली, काहून थांबला, पेट्रोल संपलं काय? मी खाली उतरलो. दुपारचे बारा वाजले होते, ऊन होतं, पाळीवर आम्ही दोघंच. ती गाडीवर बसून होती, कागदांची पिशवी मांडीवर.

मी म्हणालो, “छाया, मी अकरा वेळा बाजारची गड्डी घरची म्हणून लिहिली. तू रीत पाळत होतीस आणि मी तिचाच फायदा घेतला. फोनवर तुला म्हणालो की तू हळू विचार करतेस. ते खोटं होतं, आणि बोलताना मला ठाऊक होतं की ते खोटं आहे. बाबा म्हणायचे तेही खोटं होतं. तेही मला ठाऊक होतं, गणिताच्या वहीपासून. माझं चुकलं.”

“हे माफी घरची हाये न?” तिने विचारलं, आणि मी “घरची” म्हणताच हसून म्हणाली, “मंग चाल, अभ्यास कराचा हाये मले.”